लुटुपुटीची माफी

गेल्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. जेवणं उरकली, सुपारी फिरली आणि गप्पांची गाडी नातवाच्या शनिवारच्या खेळावर आली. त्याने आपली एक हकीकत सहज सांगितली, आणि बघता बघता घरात दोन तट पडले. एका तटात एकटी मी. दुसऱ्यात बाकी सगळे, आणि त्यांचे पुढारी आमचे भावोजी. शेवटी भावोजींनी निकाल देऊन टाकला, "अहो वहिनी, खेळच आहे ना तो? लुटुपुटीचा गुन्हा, लुटुपुटीची माफी. त्या मुलीने देऊन टाकायची आणि पुढे चालायचं. चार जणांच्या शनिवारचा विचका कशाला?"

सगळे हसले. मी चहा टाकायला उठले आणि वाद तिथेच राहिला. पण ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. भावोजी हे सगळं वाचतात (आणि मग फोन करून ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सांगतात), तेव्हा उत्तर इथेच देते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी ही मंडळी टेबलावर छोटी छोटी सैन्यं मांडून लढाया खेळायची. पुढे प्रत्येकाने अख्ख्या सैन्याऐवजी एकच माणूस चालवायला घेतला, आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. पाचसहा जण बसतात. एक जण सूत्रधार. (त्यांच्यात त्याला डीएम म्हणतात. मला सूत्रधार बरं वाटतं.) गाव, जंगल, राजे, चोर, हवापाणी हे सगळं त्याच्याकडे. बाकीच्यांकडे एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते ज्याचं त्याने सांगायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट मात्र महिनोन् महिने चालते.

आम्हा तळकोकणातल्या माणसांना यात फार नवल वाटू नये. दशावतारात लिहिलेली संहिता कुठे असते? आज कोणतं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, एवढं रंगपटात ठरतं आणि मंडळी उभी राहतात. संवाद जागच्या जागी. राजाचं काम करणाऱ्याने मनात कितीही बेत केलेला असो, समोरची राणी काय बोलेल ते त्याच्या हातात नाही. तिने टाकलेलं वाक्य झेलायचं आणि पुढे जायचं. लहानपणी जत्रेत रात्रभर जागून मी हे पाहिलेलं आहे, म्हणून नातवाचे मित्र पहिल्यांदा आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले तेव्हा सूनबाई धास्तावली तशी मी धास्तावले नाही.

आता ती हकीकत.

दीड वर्षापूर्वी नातवाने जे पात्र घेतलं त्याचं नाव ॲश. म्हणजे राख. हा एका जुलमी जहागीरदाराचा वसुलीवाला होता. दुष्काळात सारा थकला म्हणून त्याने एका गावाचं धान्याचं कोठार पेटवलं. वारा सुटला होता, कोठाराबरोबर निम्मं गाव गेलं. त्याच रात्री तो नोकरी सोडून पळाला, नाव बदललं, आणि तेव्हापासून आपण नक्की कोण हे शोधत हिंडतो आहे. वसुलीवाला तर उरला नाही, मग काय उरलं? हा सगळा पूर्वेतिहास नातवाने खेळ सुरू होण्याआधी लिहून फक्त सूत्रधाराला दिला होता. बाकीच्यांना ॲश म्हणजे तलवारीला बरा, अबोल, रात्री नीट न झोपणारा एक सोबती.

त्यांच्यात एक मुलगी आहे. तिचं पात्र झाडपाल्याची वैदीण. तिनेही आपला पूर्वेतिहास गुपचूप दिला होता : गाव जळालं, धाकटा भाऊ त्यात गेला, जाळणारा कोण ते ठाऊक नाही. सूत्रधार पोरगा हुशार. त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन गावांचं एकच गाव करून टाकलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी ही मंडळी त्या गावात पोचली. तिथल्या एका म्हातारीने (म्हणजे सूत्रधारानेच, आवाज बदलून) ॲशला ओळखलं. अशा वेळी खोटं बोलायचं असेल तर फासा टाकता येतो, साधलं तर साधलं. नातवाने फासा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, "हो. मीच तो." मी स्वयंपाकघरात होते. त्या टेबलावर एवढी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

पुढच्या शनिवारी सूत्रधाराने, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच, एक तोड काढली. गावात एक देऊळ, देवळात एक पुजारी. नियमात तसा विधी आहेच. पंचवीस सुवर्णमुद्रांची चांदीची पूड लागते, तासभर विधी चालतो, मग पुजाऱ्याच्या बाजूने फासा टाकायचा, त्यात त्याची पारख मिळवायची, आणि बेरीज वीस किंवा त्यावर गेली की माणूस पुन्हा होता तसा सज्जन. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, २०१७ साली आलेल्या त्यांच्या एका नियमपुस्तकात आहे. फासा पडला सतरा. पारख मिळवून वीसच्या वर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रधार मुलीकडे वळून म्हणाला, "आणि तुझ्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं तुला वाटतं."

मुलगी म्हणाली, "नाही. मला काय वाटतं ते मी सांगणार. काही उतरलेलं नाही. त्या पुजाऱ्याचं गाव जळालं नव्हतं."

खेळ तिथेच मोडला. पुढचे तीन शनिवार कुणी आलं नाही. आमच्या घरात सगळ्यांचं मत पडलं की मुलगी हट्टी आहे. आणि मी, त्या गुन्हेगाराची सख्खी आजी, मुलीच्या बाजूने आहे.

आधी लुटुपुटीचं बघू. भावोजी, गाव लुटुपुटीचं, आग लुटुपुटीची, हे कबूल. पण टेबलाभोवतीची माणसं तर खरी होती? दीड वर्ष दर शनिवारी त्या मुलीने एका पात्राच्या आयुष्याचा विचार केला. त्या पात्राला काय वाटतं हे सांगण्याचा हक्क, खेळाच्या रीतीप्रमाणेसुद्धा, तिचा एकटीचा. सूत्रधाराने वादळ आणावं, राक्षस आणावा, पण तिचं मन त्याच्या ताब्यात नाही. तो हक्क तिच्याकडून काढून घेतला गेला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यात लुटुपुटीचं काय होतं?

दुसरं म्हणजे ती "देऊन टाकायची" ही भाषा. कुणाच्या वतीने?

नातवाकडून मी या खेळाच्या जुन्या नवीन नियमांची बरीच माहिती काढून घेतली. (इंग्रजी माझं यथातथाच. बीएसुद्धा मराठी माध्यमातून. तो वाचतो आणि सांगतो, मी वहीत टिपून घेते.) सुरुवातीला पात्रांच्या मनोवृत्तीचे तीनच कप्पे होते : नियमाचा, तटस्थ आणि अनागोंदीचा. १९७८ च्या पुस्तकापासून ते नऊ झाले, सज्जन-दुर्जन आणि नियम मानणारा-न मानणारा असे आडवे उभे मांडून. प्रत्येकाच्या कागदावर कप्पा लिहायचा. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात असं, की पात्राने कप्पा बदलला तर त्याने कमावलेली एक पायरी उतरवायची. म्हणजे दुर्जनाने सज्जन व्हायचं ठरवलं तरी दंड! माझ्या ओळखीतल्या काही मुख्याध्यापकांना हा नियम फार आवडला असता.

प्रायश्चित्ताचा मंत्रही १९७८ पासून आहे. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, तो नीट मांडला. तिथे अट चांगली घातली आहे, पश्चात्ताप खरा हवा आणि केलेलं निस्तरायची इच्छा हवी. पण पुढे काय? जाणूनबुजून केलेल्या पापासाठी पुजाऱ्याने आपल्या देवाकडे रदबदली करायची आणि त्यासाठी स्वतःच्या अनुभवाचे पाचशे गुण खर्चायचे. मी नातवाला तीनदा विचारलं, "पुजाऱ्याने?" हो, पुजाऱ्याने. पाप एकाचं, खर्च दुसऱ्याचा, आणि ज्याचं घर जळालं तो त्या नियमात कुठेच नाही. पापी, पुजारी आणि देव, तिघांत हिशोब मिटला.

नियम करणाऱ्यांना मी फार दोष देणार नाही. त्यांनी बदलही केले. या खेळात काही जाती जन्मजातच दुष्ट धरल्या जायच्या. तशा त्या यापुढे दाखवणार नाही, असं प्रकाशकांनी २०२० साली जाहीर केलं. चांगलं झालं. पण वाईट जन्मापासूनचं नसतं हे मान्य करणं सोपं आहे. केलेल्या वाईटाचं काय करायचं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि फक्त खेळाला तरी का बोला? आपल्या सगळ्या गोष्टींना ही घाई झालेली आहे. त्यातली सर्वांत लाडकी युक्ती म्हणजे मरण. नातवाने मला स्टार वॉर्समधला तो काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर दाखवला. १९८३ च्या चित्रपटात शेवटी तो मुलाला वाचवतो, आपल्या धन्याला ढकलून देतो आणि मरतो. सगळ्यांचे डोळे पाणावतात. त्याआधी त्याच्या डोळ्यांदेखत एक अख्खा ग्रह उडवला गेला होता, त्यावरच्या माणसांबद्दल शेवटी कुणी चकार शब्द काढत नाही. आपला 'दीवार'मधला विजयही देवळात आईच्या मांडीवर डोके ठेवून मरतो आणि प्रेक्षक त्याला माफ करून घरी जातो. मेला, सुटला. सकाळी उठून ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारावरून जायला नको.

नातवालाही हा मोह झालाच होता. खेळ बंद होता त्या तीन आठवड्यांत मला म्हणाला, "आजी, एक आयडिया आहे. वैदिणीला वाचवताना ॲशला मारून टाकतो. भारी शेवट होईल." मी म्हटलं, "म्हणजे तिने तुला माफ केलं नाही तर तू तिच्यावर उपकार करून मरणार, आणि जन्मभर तिने ते ओझं वाहायचं?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "तू फार खडूस आहेस." असेन.

वाल्याचा वाल्मीकी ही गोष्ट आपण मुलांना अशीच धावत सांगतो. वाल्या, नारद, रामनाम, वारूळ, झाला ऋषी. वारुळाची वर्षं एका वाक्यात. आणि घरची माणसं पापात वाटेकरी व्हायला नाही म्हणतात तो प्रसंग आपण बायकोच्या स्वार्थीपणाचा म्हणून सांगतो. मला तर ती बाई अगदी बरोबर वाटते. पण या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट मला सापडली ती अंगुलिमालाची, पाली मज्झिम निकायातली.

अंगुलिमालाने माणसं मारली, बोटांची माळ घातली, बुद्ध भेटले आणि तो भिक्षू झाला. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. पुढचं मी निवृत्तीनंतर वाचलं. कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन याच दरोडेखोराला पकडायला निघालेला असतो. वाटेत तो बुद्धांना भेटतो. बुद्ध विचारतात, तो मुंडण करून शीलाने राहताना दिसला तर काय कराल? राजा म्हणतो, नमस्कार करीन. मग बुद्ध शेजारी बसलेल्या भिक्षूकडे बोट दाखवतात. राजा आधी घाबरतो. मग सावरून त्याला आईबापांचं कूळ विचारतो, आणि पुढे त्याच नावाने हाक मारतो : गग्ग मंताणीपुत्त. किती वर्षांनी त्या माणसाला त्याच्या नावाने कुणी हाक मारली असेल! माळेवरून पडलेलं नाव गळून गेलं. आपण कोण याचं उत्तर त्याला आरशात बघून मिळालं नाही, दुसऱ्याने हाक मारल्यावर मिळालं.

पण गोष्ट तिथेही थांबत नाही. राजाने सोडलं, श्रावस्तीच्या रस्त्याने सोडलं नाही. तो भिक्षेला जातो तेव्हा कुणी ढेकूळ मारतो, कुणी काठी, कुणी खापराचा तुकडा. डोकं फुटलेलं, पात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत येतो. बुद्ध त्या लोकांना बोलावून समजावत नाहीत. झालं गेलं विसरा, आता तो बदलला आहे, असं काही नाही. अंगुलिमालाला म्हणतात, सोस. हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. गोष्ट सांगणाऱ्याने ते दगड गाळले असते तर गोष्ट जास्त गोड झाली असती. त्याने ते ठेवले. राजाचा कुणी मेला नव्हता, म्हणून राजाला क्षमा सोपी होती. ज्यांचे मेले होते ते रस्त्यावर होते.

म्हणून मला हा एकत्र खेळायचा खेळ कादंबरीपेक्षा थोडा वरचढ वाटतो. (मराठी शिकवण्यात ज्या बाईचा जन्म गेला तिने हे म्हणावं, पण म्हणते.) कादंबरीत पापी लेखकाचा आणि माफ करणारा पण लेखकाचाच. लेखकाच्या मनात आलं की दार उघडतं. इथे दाराच्या पलीकडे दुसरं माणूस बसलेलं आहे आणि कडी त्याच्या हातात आहे. नातवाने दीड वर्ष मनात जो देखावा रंगवला असेल, कबुली, अश्रू, मग मिठी, त्यातली कबुली तेवढी त्याच्या हातात होती. त्या मुलीने नाही म्हटलं तेव्हाच ॲशचा शोध खरा सुरू झाला असं मला वाटतं. तोपर्यंत तो स्वतःशीच बोलत होता.

भावोजींचा एक मुद्दा मात्र मी मनात बाजूला ठेवला होता. ते म्हणाले, "तिने कधीच माफ केलं नाही तर? जन्मभर त्याने खालमानेने राहायचं?" हा प्रश्न खरा आहे. याचं उत्तर द्यायचं तर मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. घरच्यांना अर्धीमुर्धी ठाऊक आहे, पुरी कुणालाच नाही.

१९८३ साल. मी आठवीची वर्गशिक्षिका. सहलीसाठी एका मुलीने आणलेले बावीस रुपये दप्तरातून गेले. दोन दिवसांनी वर्गातला एक मुलगा स्वतःहून उभा राहिला आणि म्हणाला, मी घेतले. तेरा रुपये त्याने तिथल्या तिथे परत दिले. बाकीच्यांचं काय केलं ते कधी सांगितलं नाही. शिक्षा झाली. मे महिन्यात पोराने लोकांच्या बागेत काजू गोळा करून मजुरी मिळवली आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी नऊ रुपये सुटे मोजून त्या मुलीच्या हातात ठेवले. मुलीने मोजून घेतले, चिंचेच्या गोळीच्या डबीत टाकले, आणि तिच्यापुरता विषय संपला. नववीत दोघं विज्ञानाच्या प्रयोगाला एकाच गटात होती.

विषय संपला नाही तो आमच्यापुरता. त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये मी नाटुकलं बसवत होते. एक राजा, एक प्रधान, दोन शिपाई, एक चोर. वाटप करताना पोरं एका सुरात ओरडली, चोर तोच! तो म्हणाला, "बाई, माका शिपाई होवचा आसा." पोरं हसली. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अरे, चोराचं काम तूच झकास करशील." त्याने केलं. झकास केलं. टाळ्या पडल्या.

नववी संपल्यावर मामाने त्याला कोल्हापूरला नेलं. शाळा सोडल्याचा दाखला तयार व्हायचा होता. दाखल्यावर एक रकाना असतो, वर्तणूक. तिथे सरसकट "चांगली" लिहितात, कुणी विचारही करत नाही. कारकुनाने मला विचारलं, बाई, चांगली लिहू ना? मी क्षणभर थांबले. मला वाटलं, आपण खोटं का लिहावं. म्हटलं, "बरी लिहा."

बरी. दोन अक्षरं. दाखला वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो.

२००६ साली एका तालुक्याच्या गावी मला तो भेटला. खरं तर तिथे त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे असं ऐकून मी मुद्दाम गेले होते. हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "तुमका वळाखलंय, बाई." मी तयारी करून गेलेली सगळी वाक्यं विसरले. कसंबसं म्हटलं की तुझ्या दाखल्यावर मी जे लिहायला लावलं ते चुकीचं होतं. त्याने कपाटातून दाखला काढून दाखवला. लॅमिनेट केलेला. जन्मतारखेचा पुरावा म्हणून लायसनला, बँकेच्या कर्जाला, सगळीकडे त्याचीच झेरॉक्स लावावी लागली. कोल्हापूरच्या दोन शाळांनी तो बघून परत पाठवलं. तिसरीकडे तो गेलाच नाही. हे सगळं त्याने हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी म्हटलं, मला माफ कर. म्हणाला, "जावंदे बाई. बसा, च्या सांगतंय."

ही गोष्ट नातवाला सांगितली तेव्हा त्याने विचारलं, "मग त्याने माफ केलं?" मी म्हटलं, नाही. त्याने चहा दिला.

भावोजी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. ज्या मुलीचे बावीस रुपये गेले तिला माफ करायचा हक्क होता, न करायचाही होता. तिने हिशोब मोजून मिटवला. माझा एक पैसा गेला नव्हता. तरी मी तिच्या वतीने, कायद्याच्या वतीने, सत्याच्या वतीने म्हणा हवं तर, तो शिक्का धरून बसले. आणि तुम्ही आता त्या वैदिणीच्या वतीने माफी देऊन टाकायला निघाला आहात. आपण दोघं एकच चूक दोन टोकांनी करतो आहोत. ज्याचं गेलं त्याला बोलू द्यावं, आणि ज्यांचं काही गेलं नाही त्यांनी निदान शिपायाचं काम मागणाऱ्याला शिपायाचं काम द्यावं. त्या टेबलावरच्या बाकीच्या दोघांनी ॲशला आपल्या घोळक्यात ठेवलं, ते बरोबर केलं. मुलीनेही त्याला हाकला असं कधी म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, मला काय वाटतं ते मी सांगणार.

आणि तिने जन्मभर माफ केलं नाही तर? तर नाही केलं. कोठार बांधायला तिच्या माफीची गरज नाही. व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'मधले ते सहा कैदी भाजी पिकवतात आणि बाजारात न्यायला लागतात तेव्हा तिथे त्यांना मार पडतो. त्या मागची कल्पना औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीवरून सुचली होती. भाजी पिकली ती काही बाजाराने शाबासकी दिली म्हणून नव्हे.

असो. चौथ्या शनिवारी मंडळी पुन्हा जमली. सूत्रधाराने मुलीची माफी मागितली, खरीखुरी, खेळातली नव्हे. विधी झाला तो झाला, पण त्याचा अर्थ एवढाच की देवाचा हिशोब मिटला, असं त्यांनी आपापसात ठरवलं. खेळातला सबंध हिवाळा ॲशने त्या गावात कोठाराच्या भिंती रचण्यात घालवला. नातू कंटाळला होता, लढाई नाही, काही नाही, नुसती दगडमाती. वैदीण त्याच्याशी कामापुरतं बोलते. नावाने हाक मारत नाही. जंगलात मुक्काम पडला की पाळीपाळीने पहारा असतो, त्यात ॲशची पाळी आली की ती जागी राहते. प्रत्येक वेळी ती हे सूत्रधाराला स्पष्ट सांगते : मी झोपलेली नाही. झोप न झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी तिचं पात्र दमतं, फाशांवर परिणाम होतो, तरी सांगते.

परवाच्या शनिवारी धान्याच्या गाड्या घेऊन ते गावाकडे निघाले होते. रात्र झाली. सूत्रधाराने नेहमीसारखं विचारलं, पहिला पहारा कोणाचा? नातू म्हणाला, माझा. सूत्रधाराने मुलीकडे न बघताच लिहिलं, वैदीण जागी. तेव्हा ती म्हणाली, "नाही, मी झोपते."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तर म्हणते कशी, "दमलेय म्हणून. बाकी काही समजू नका."

नातू त्या रात्री दोन वाजता माझ्या खोलीत डोकावला, मी जागी आहे का बघायला. जागीच होते. त्याने एवढंच सांगितलं की पहाऱ्यात काही घडलं नाही, कोल्हासुद्धा आला नाही.

भावोजी, पुढच्या शनिवारी नऊ वाजता बसणार आहेत. तुम्ही या. कांदेपोहे करीन. फासे मात्र तुमच्या हातात देणार नाहीत, मी विचारून ठेवलं आहे.